ईथरनेट जोडणीतील वेगमंदता

संगणक आणि जाळे यांना सांधणाऱ्या तारेतून माहितीचे वहन तिच्या नाममात्र क्षमतेपेक्षा पुष्कळच कमी वेगाने होण्याची स्थिती. घरे, कार्यालये, शाळा, रुग्णालये इ. ठिकाणी संगणक तारेने जोडण्याच्या सर्वाधिक प्रचलित पद्धतीस ईथरनेट म्हणतात. बिनतारी जोडणीच्या मानाने ही जोडणी स्थिर व भरवशाची असते. म्हणूनच ज्या कामात खंड पडून चालत नाही, उदा., दूरस्थ परीक्षा, न्यायालयीन सुनावणी, वैद्यकीय प्रतिमांची देवाणघेवाण, अशा कामांसाठी लॅपटॉप संगणकही मुद्दाम तारेने जोडतात. तथापि तार जोडली म्हणजे पूर्ण वेग मिळतोच, असे नाही. मार्गातील एखादा घटक सदोष किंवा कमी क्षमतेचा असल्यास ईथरनेट जोडणी पुष्कळदा बंद न पडता खालच्या वेगावर उतरते आणि या उतरण्याची सूचना वापरणाऱ्यास सहसा मिळत नाही. जोडणीचा दिवा लागलेला असतो, संदेश येत-जात असतात. फक्त मोठे काम हाती घेतल्यावर विलंब जाणवतो. परिणामी दोष एकीकडे आणि संशय दुसरीकडे, असे वारंवार घडते. भिंतीतील खोबणीत एक तार सुटलेली असताना लॅपटॉप बदलला जातो किंवा सेवादात्याकडे अधिक वेगाची वर्गणी भरली जाते. मार्गाचे टप्पे पाडून प्रत्येक टप्प्याचा वेग स्वतंत्रपणे मोजणे, हेच या दोषाच्या निदानाचे मूलतत्त्व होय.

परिमाणे व अपेक्षित वेग : जाळ्याचा वेग दर सेकंदास किती बिट वाहिले जातात यावरून सांगतात, तर फाइलींचे आकारमान व त्यांच्या वहनाची गती संगणक बहुधा बाइटमध्ये दाखवितो. १ बाइट म्हणजे ८ बिट. त्यामुळे दर सेकंदास १०० मेगॅबिट क्षमतेच्या जोडणीतून दर सेकंदास १२·५ मेगॅबाइटांहून अधिक माहिती जाऊ शकत नाही. वेग आठपटींनी कमी असल्याची तक्रार बऱ्याचदा या दोन परिमाणांतील गोंधळामुळे उद्‌भवते.

नाममात्र वेग आणि हाती येणारा वेग यांतही थोडा फरक असतोच. ईथरनेटमध्ये माहिती फ्रेम नावाच्या तुकड्यांनी पाठवितात. एका नेहमीच्या फ्रेममध्ये जास्तीत जास्त १,५०० बाइट माहिती मावते. तिच्या आधी पत्ते इ. दर्शविणारे १४ बाइटांचे शीर्ष व शेवटी चूक ओळखण्यासाठी ४ बाइटांची तपासणी-संख्या असते. फ्रेमच्या प्रारंभी ८ बाइटांचा पूर्वसंकेत येतो आणि दोन फ्रेमांमध्ये निदान १२ बाइटांएवढा अवकाश सोडावा लागतो. अशा रीतीने १,५०० बाइटांसाठी तारेवर १,५३८ बाइटांएवढा वेळ खर्च होतो. या १,५०० बाइटांपैकीही ४० ते ५२ बाइट इंटरनेटच्या पत्त्यांना व क्रमांकांना लागतात. तेव्हा प्रत्यक्ष उपयोगाचा वाटा सु. ९४ ते ९५ टक्के राहतो. १०० मेगॅबिटांच्या निर्दोष जोडणीवर सु. ९४ मेगॅबिट आणि १,००० मेगॅबिटांच्या म्हणजे १ गिगॅबिटाच्या जोडणीवर सु. ९४० मेगॅबिट एवढा वेग मोजला जातो, तो या कारणाने. या दोन संख्या निदानाच्या दृष्टीने महत्त्वाच्या आहेत. सेवादात्याकडून ३०० मेगॅबिटांची वर्गणी घेतलेली असता लॅपटॉपवर सातत्याने ९४ हाच आकडा येत असेल, तर मार्गातील कोणता तरी टप्पा १०० मेगॅबिटांवर चालत आहे, असे जवळजवळ निश्चितपणे म्हणता येते. उलट वर्गणीच १०० मेगॅबिटांची असेल, तर हा दोष वर्षानुवर्षे लक्षात येत नाही. वर्गणी वाढवूनही वेग वाढत नाही तेव्हाच तो उघडकीस येतो.

इतिहास : अमेरिकेतील पॅलो ॲल्टो येथील झेरॉक्स कंपनीच्या संशोधन केंद्रात रॉबर्ट मेटकाफ यांनी मे १९७३ मध्ये या पद्धतीची कल्पना एका टिपणाद्वारे मांडली आणि डेव्हिड बॉग्ज यांच्या सहकार्याने ती प्रत्यक्षात आणली. प्रकाशाच्या प्रसारणासाठी पूर्वी गृहीत धरलेल्या ईथर या सर्वव्यापी माध्यमावरून तिला हे नाव मिळाले. मूळ जाळ्याचा वेग दर सेकंदास २·९४ मेगॅबिट होता आणि सर्व संगणक एकाच समाक्ष केबलीवर बोलत. हवाई विद्यापीठातील अलोहा या रेडिओ जाळ्याप्रमाणे येथेही दोन संगणक एकदम बोलू लागल्यास संदेशांची टक्कर होई व प्रत्येकास यदृच्छ काळ थांबून पुन्हा प्रयत्न करावा लागे. डिजिटल, इंटेल व झेरॉक्स या कंपन्यांनी १९८० मध्ये १० मेगॅबिट वेगाचे संयुक्त मानक प्रसिद्ध केले. १९८३ मध्ये आयईईई या अमेरिकेतील अभियंत्यांच्या संस्थेने ८०२.३ हे मानक संमत केले. १९९० मध्ये समाक्ष केबलीच्या जागी दूरध्वनीच्या तारांसारख्या पीळदार जोड्या वापरणारे मानक आले. वेग १९९५ मध्ये १०० मेगॅबिट, १९९९ मध्ये पीळदार तांब्याच्या तारांवर १,००० मेगॅबिट आणि २००६ मध्ये १०,००० मेगॅबिट झाला. आधी बसविलेल्या केबलींचा उपयोग व्हावा, म्हणून २०१६ मध्ये २,५०० व ५,००० मेगॅबिटांची मधली मानकेही करण्यात आली. मेटकाफ यांना २०२२ सालचे ट्युरिंग पारितोषिक देण्यात आले.

या प्रगतीत एक पथ्य कसोशीने पाळले गेले. नवे उपकरण जुन्या उपकरणाशी जोडले, तरी दोघांचा संवाद झाला पाहिजे, हे ते पथ्य होय. ईथरनेटच्या दीर्घायुष्याचे ते एक मोठे कारण आहे. मात्र वेगमंदता निमूटपणे अंगवळणी पडण्याचे मूळही त्यातच आहे.

वेगाची वाटाघाट : तार जोडताच तिच्या दोन टोकांची उपकरणे आपापली क्षमता परस्परांस कळवितात व दोघांना साध्य असलेला सर्वोच्च वेग निवडतात. या क्रियेस ऑटोनिगोशिएशन म्हणतात. ती १९९५ च्या मानकाबरोबर प्रचारात आली. प्रत्येक उपकरण अतिशय लघू विद्युत् स्पंदांच्या मालिकेतून १६ बिटांचा एक शब्द पुनःपुन्हा पाठविते. १०, १०० वा १,००० मेगॅबिटांपैकी कोणते वेग आपणास जमतात आणि एकाच वेळी दुतर्फा बोलणे शक्य आहे की नाही, ते या शब्दावरून कळते. १,००० मेगॅबिटांविषयीचा तपशील त्यास जोडून पाठविलेल्या पुढील शब्दांत असतो. दोन टोकांपैकी एक जरी १०० मेगॅबिटांचे असेल, तर करार १०० वरच होतो. राउटर किंवा स्विच जुना असल्यास नव्या लॅपटॉपचा वेग वाढत नाही, तो यामुळे.

केबलीतील दोष याहून फसवा असतो. नेहमीच्या केबलीत आठ तारा म्हणजे पीळ दिलेल्या चार जोड्या असतात. १० व १०० मेगॅबिटांना त्यांपैकी दोनच जोड्या लागतात. प्लगमधील १ व २ आणि ३ व ६ या क्रमांकांच्या टाचण्यांशी त्या जोडलेल्या असतात. १,००० मेगॅबिटांना मात्र चारही जोड्या लागतात. प्रत्येक जोडी दर सेकंदास २५० मेगॅबिट दोन्ही दिशांनी एकाच वेळी वाहते. वाटाघाटीचे स्पंद पहिल्या दोन जोड्यांतूनच जातात. त्यामुळे ४ व ५ किंवा ७ व ८ या क्रमांकांच्या तारांपैकी एखादी तुटलेली असली, तरी वाटाघाट सुरळीत पार पडते आणि दोन्ही टोके १,००० मेगॅबिटांवर सहमत होतात. त्यानंतर चारही जोड्यांवरील प्रत्यक्ष जुळणी फसते. काही उपकरणे अशा वेळी जोडणीच करीत नाहीत. परंतु पुष्कळ उपकरणांतील मंडले काही प्रयत्नांनंतर आपण होऊन १०० मेगॅबिटांवर उतरतात. याचा अर्थ असा की, पहिल्या दोन जोड्यांतील तार तुटल्यास जोडणी बंद पडून दोष उघड होतो, तर उरलेल्या दोन जोड्यांतील तुटलेली तार केवळ वेग दशांशावर आणून स्वतः लपून राहते.

केबल व जोड : विद्युत् संकेत तांब्याच्या केबलीतून प्रकाशवेगाच्या सु. दोन-तृतीयांश वेगाने जातो, १०० मी. अंतर काटण्यास त्यास सु. अर्धा मायक्रोसेकंद पुरतो. तेव्हा लांब केबलीमुळे संकेतास पोहोचण्यास उशीर होतो व म्हणून वेग कमी पडतो, ही समजूत बरोबर नाही. लांबीबरोबर संकेत क्षीण होतो आणि गोंगाटातून तो ओळखणे कठीण जाते, हा खरा अडथळा आहे. म्हणून दोन उपकरणांमधील केबलीची कमाल लांबी १०० मी. ठरविण्यात आली आहे. तीत भिंतीतील पक्की केबल ९० मी. व दोन्ही टोकांच्या सुट्या पॅच कॉर्ड मिळून १० मी. असा हिशेब धरतात.

जोडीतील दोन तारांना पीळ देण्याची युक्ती अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यांनी १८८१ मध्ये दूरध्वनीसाठी एकस्वाने सुरक्षित केली होती. पिळामुळे बाहेरील विद्युत् क्षोभ दोन्ही तारांवर सारखाच होतो व त्यांतील फरक घेतल्यास तो नाहीसा होतो. शेजारच्या जोडीतील संदेश आपल्या जोडीत उतरणे, म्हणजे क्रॉसटॉक, हेही पिळामुळे आटोक्यात राहते. प्लग किंवा खोबणी बसविताना पीळ जास्त उलगडल्यास हा लाभ जातो. म्हणून उलगडलेला भाग सु. १३ मिमी. पेक्षा अधिक नसावा, असा दंडक आहे. केबलीस काटकोनात मोड देणे, खिळ्याने दाबणे, दाराखाली चेंगरणे किंवा ती विजेच्या जाड तारांना लागून दूरवर नेणे यांनीही संकेत बिघडतो.

तारांचा रंगक्रम दोन मान्य पद्धतींनी लावतात. दोन्ही टोकांना एकच पद्धत वापरणे इष्ट असते. नवशिका कारागीर कधीकधी दोन्ही टोकांना सारखाच परंतु मनाचा क्रम लावतो. अशा वेळी १ ते ८ या तारा टोकापासून टोकापर्यंत अखंड असतात व साध्या तपासणी-यंत्रावर आठही दिवे लागतात. मात्र ३ व ६ या तारा वेगवेगळ्या पिळांतून गेलेल्या असतात. जोडी अशी फुटली म्हणजे क्रॉसटॉक वाढतो व फ्रेमी खराब होऊ लागतात. तारेचे अखंडत्व हा तिच्या निर्दोषतेचा पुरावा नव्हे, याचे हे उत्तम उदाहरण होय.

केबलींचे वर्ग ती किती कंप्रतेपर्यंत परखलेली आहे यावरून करतात. पाच-ई हा वर्ग १०० मेगॅहर्ट्‌झपर्यंत, सहा हा २५० मेगॅहर्ट्‌झपर्यंत व सहा-ए हा ५०० मेगॅहर्ट्‌झपर्यंत वापरता येतो. १,००० मेगॅबिटांसाठी पाच-ई वर्ग पूर्ण लांबीसही पुरेसा असल्याने केवळ वरच्या वर्गाची केबल घेतल्याने वेग वाढत नाही. याउलट तांब्याचा मुलामा दिलेल्या ॲल्युमिनियमाच्या स्वस्त केबली टाळणे श्रेयस्कर असते. ॲल्युमिनियमाची रोधकता तांब्याच्या दीडपटीहून अधिक असते व त्याच्या तारा वाकवल्याने लवकर तुटतात. काही उपकरणांबरोबर मिळणाऱ्या आखूड केबलींत चारच तारा असतात. त्यांवर १०० मेगॅबिटांपलीकडे जाणे अशक्य असते. जुन्या इमारतींत एकाच केबलीच्या दोन जोड्या एका संगणकास व दोन दुसऱ्यास किंवा दूरध्वनीस दिलेल्या आढळतात. तेथेही तोच परिणाम होतो. दमट व खारट हवेत, उदा., कोकणपट्टीत, प्लगच्या संपर्कपट्ट्या गंजून रोध वाढण्याचा संभव असतो. प्लगची प्लॅस्टिकची खिटी मोडल्यास लॅपटॉप हलविताच जोडणी तुटून वाटाघाट पुनःपुन्हा होते.

दुतर्फा वहनाचा विसंवाद : जुन्या ईथरनेटमध्ये एक उपकरण बोलत असता दुसरे ऐके, यास हाफ ड्युप्लेक्स म्हणतात. एकाच वेळी दोन्ही दिशांनी बोलण्यास फुल ड्युप्लेक्स म्हणतात. एका टोकाला वाटाघाट बंद करून १०० मेगॅबिट व फुल ड्युप्लेक्स असे हाताने ठरवून दिले आणि दुसरे टोक वाटाघाटीवर ठेवले, तर दुसऱ्या टोकास उत्तराचा शब्द मिळत नाही. संकेताच्या स्वरूपावरून ते वेग ओळखते, परंतु ड्युप्लेक्स ओळखण्याचा मार्ग नसल्याने मानकानुसार हाफ ड्युप्लेक्स धरते. आता एक टोक वाटेल तेव्हा बोलते, तर दुसरे त्याच बोलण्यास टक्कर समजून आपली फ्रेम अर्धवट सोडते. एखाद-दुसरे लहान पॅकेट असेपर्यंत काही बिघडल्याचे दिसत नाही. भार वाढताच वेग नाममात्र क्षमतेच्या लहानशा अंशावर घसरतो. हाफ ड्युप्लेक्सच्या बाजूस उशिरा झालेल्या टकरी व फुल ड्युप्लेक्सच्या बाजूस तपासणी-संख्येच्या चुका यांची गणती वाढत गेलेली दिसणे, हे या विसंवादाचे लक्षण आहे. पीळदार तारांवरील १,००० मेगॅबिटांच्या जोडणीस वाटाघाट अनिवार्य असल्याने तेथे हा दोष सहसा उद्‌भवत नाही. वेग वाढावा म्हणून लॅपटॉपच्या मांडणीत तो हाताने ठरविण्याचा उपाय मात्र बहुधा अपाय करतो.

लॅपटॉपमधील कारणे : पातळ बांधणीच्या अनेक लॅपटॉपांत ईथरनेटची खोबणी नसते व जोडणी यूएसबी ॲडॅप्टरमार्फत करावी लागते. २००० मधील यूएसबी २·० मानकाचा नाममात्र वेग ४८० मेगॅबिट असला, तरी त्यातून ईथरनेटसाठी सु. ३०० मेगॅबिटच हाती लागतात. १,००० मेगॅबिटांचा ॲडॅप्टर अशा खोबणीत लावल्यास जोडणीचा वेग १,००० दाखविला जातो. पण मोजलेला वेग ३०० च्या जवळपास अडतो. २००८ मधील यूएसबी ३·० व त्यापुढील मानकांत ही अडचण राहत नाही. काही स्वस्त ॲडॅप्टर मुळातच १०० मेगॅबिटांचे असतात.

विजेरीची बचत करणारी व्यवस्था हे दुसरे कारण. काही चालक प्रणाल्या लॅपटॉप विजेरीवर असता किंवा निद्रावस्थेत जाताना जोडणी मुद्दाम खालच्या वेगावर आणतात. जागे झाल्यावर वाटाघाट पुन्हा नीट झाली नाही, तर तो वेग तसाच राहतो. अशा वेळी केबल काढून पुन्हा लावल्याने दोष तात्पुरता जातो. याशिवाय बिनतारी जोडणीही चालू असल्यास माहिती प्रत्यक्षात कोणत्या मार्गाने जात आहे, याची खात्री करून घ्यावी लागते. सुरक्षा-प्रणालीकडून होणारी प्रत्येक पॅकेटाची तपासणी, आभासी खासगी जाळ्यासाठी होणारे सांकेतिकीकरण, पार्श्वभूमीवर चाललेले अद्ययावतीकरण इत्यादींमुळेही वेग घटतो. फाइलींची नक्कल करताना यांत्रिक डिस्कची मर्यादा आड येते. असंख्य लहान फाइली असल्यास तर विशेषच.

जोडणीपलीकडील कारणे : जवळची तार निर्दोष असूनही दूरच्या संगणकाशी होणारा संवाद मंद असू शकतो. इंटरनेटवरील बहुतेक फाइली टीसीपी या नियमावलीने पाठविल्या जातात. तीत पाठविणारा काही माहिती पाठवून पोच येण्याची वाट पाहतो. पोच न आलेली माहिती किती असू द्यावयाची, याची मूळ मर्यादा ६५,५३५ बाइट होती. पॅकेट अमेरिकेस जाऊन पोच परतण्यास ०·२ सेकंद लागत असल्यास या मर्यादेत वेग सु. २·६ मेगॅबिटांहून अधिक होऊ शकत नाही, मग तार कितीही क्षमतेची असो. ही मर्यादा वाढविण्याची सोय १९९२ मध्ये करण्यात आली व ती आता सर्वत्र वापरली जाते. पण मधल्या एखाद्या सदोष उपकरणाने तिच्यात व्यत्यय आणल्यास जुनी मर्यादा पुन्हा प्रकट होते.

पॅकेट गहाळ होण्याचा परिणाम त्याहून तीव्र असतो. टीसीपीच्या पारंपरिक पद्धतीत गहाळ झालेले पॅकेट हे गर्दीचे चिन्ह मानून वेग निम्मा करतात. मॅथिस व त्यांचे सहकारी यांनी १९९७ मध्ये दिलेल्या सूत्रानुसार साध्य वेग हा पोचेच्या काळाशी व गहाळ होण्याच्या प्रमाणाच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असतो. पोचेचा काळ ०·०५ सेकंद धरल्यास दहा हजारांमागे एक पॅकेट गहाळ झाले, तरी वेग सु. २८ मेगॅबिटांवर सीमित होतो. शंभरांमागे एक गहाळ झाल्यास तो ३ मेगॅबिटांच्याही खाली येतो. नंतरच्या पद्धती गळतीस काहीशा कमी संवेदनशील आहेत. तथापि सैल प्लगमुळे अधूनमधून बिघडणाऱ्या थोड्याशा फ्रेमी घरातल्या घरात जाणवत नाहीत आणि परदेशातील संगणकाशी बोलताना मात्र वेग कोसळतो, या वरवर चमत्कारिक वाटणाऱ्या अनुभवाचे स्पष्टीकरण या सूत्राने होते. तुलनेसाठी, १,००० मेगॅबिटांच्या मानकानुसार एक हजार कोटी बिटांमागे एकाहून अधिक बिट चुकता कामा नये. तपासणी-संख्येच्या चुकांची गणती मिनिटागणिक झपाट्याने वाढत असल्यास केबल किंवा जोड सदोष आहे, असे समजावे.

राउटरमध्ये पॅकेटांना थांबविण्यासाठी नको तितकी मोठी स्मृती ठेवल्यास रांग लांबत जाऊन प्रत्येक पॅकेटास विलंब होतो. यास जिम गेटिस यांनी २०१० मध्ये बफरब्लोट हे नाव दिले. यात मोजलेला वेग पूर्ण दिसतो, पण एक जण मोठी फाइल चढवीत असता दुसऱ्याचे दृक्‌श्राव्य संभाषण अडखळते. म्हणजेच मंदता नेहमी वेगाच्या आकड्यातच दिसते असे नाही; विलंबही मोजावा लागतो.

निदानाची पद्धत : सर्वप्रथम संगणकाने मान्य केलेला जोडणीचा वेग पाहावा. विंडोजमध्ये तो ईथरनेटच्या गुणधर्मांत, तर लिनक्समध्ये एथटूल या आज्ञेने दिसतो. खोबणीवरील दिव्यांच्या रंगांचा अर्थ उत्पादकागणिक बदलत असल्याने केवळ त्यावर विसंबू नये. हा वेग अपेक्षेपेक्षा कमी असल्यास दोष लॅपटॉप, केबल आणि समोरील उपकरण या तिहींतच आहे, हे ठरते आणि सेवादात्याकडे जाण्याचे कारण उरत नाही. मग एका वेळी एकच घटक बदलावा : प्रथम खात्रीची, आठ तारांची आखूड केबल, नंतर राउटरची दुसरी खोबणी, शेवटी दुसरा लॅपटॉप. दोन घटक एकदम बदलल्यास दोष गेला तरी तो कोठे होता, हे कळत नाही. भिंतीतील केबल संशयास्पद असल्यास लॅपटॉप थेट राउटरपाशी नेऊन पाहावे. तंत्रज्ञांजवळील यंत्रे केबलीत स्पंद सोडून त्याचा प्रतिध्वनी किती काळाने परततो, यावरून तार किती मीटरवर तुटली आहे हे सांगतात. काही लॅपटॉपांतील व स्विचांतील मंडलांतही ही सोय असते.

मान्य झालेला वेग बरोबर असल्यास पुढचा टप्पा घरातील किंवा कार्यालयातील दोन संगणकांमध्ये वेग मोजण्याचा. त्यासाठी आयपर्फसारखी, डिस्क न वापरता स्मृतीतून स्मृतीत माहिती पाठविणारी आज्ञावली वापरावी व दोन्ही दिशांनी मापन करावे. या मापनातून मिळणाऱ्या आकड्यांचा सर्वसाधारण अर्थ कोष्टकात दिला आहे. हेही मापन समाधानकारक असेल, तरच इंटरनेटवरील वेग मोजावा. तो निरनिराळ्या वेळी व बाकीची उपकरणे बंद ठेवून मोजणे आवश्यक असते. माइक म्यूस यांनी डिसेंबर १९८३ मध्ये लिहिलेली पिंग ही आज्ञा विलंब व गळती पाहण्यास आजही उपयोगी पडते. मात्र ती लहान पॅकेटे संथपणे पाठवीत असल्याने तिचे निर्दोष उत्तर म्हणजे भाराखालील निर्दोषतेची हमी नव्हे.

कोष्टक. स्थानिक जाळ्यात मोजलेला वेग व त्याचा संभाव्य अर्थ

| वेग (दर सेकंदास मेगॅबिट) | संभाव्य अर्थ |
|---|---|
| सु. ९४० | १,००० मेगॅबिटांची जोडणी निर्दोष |
| सु. ३०० | ॲडॅप्टर यूएसबी २·० खोबणीत |
| सु. ९४ | जोडणी १०० मेगॅबिटांवर : तुटलेली जोडी, चार तारांची केबल किंवा जुने उपकरण |
| सु. ९ | जोडणी १० मेगॅबिटांवर : वीज बचतीची व्यवस्था किंवा गंभीर दोष |
| अस्थिर, एका दिशेस अत्यल्प | ड्युप्लेक्सचा विसंवाद किंवा बिघडणाऱ्या फ्रेमी |

दुरुस्ती व दक्षता : बहुसंख्य दोष अल्प खर्चात दूर होतात. सुटी केबल दुरुस्त करण्यापेक्षा बदलणे सोयीचे असते. भिंतीतील केबलीची टोके रंगक्रम पाहून पुन्हा बसविता येतात. वाटाघाट दोन्ही टोकांना चालू ठेवावी, चालक प्रणाली उत्पादकाने दिलेली व अद्ययावत असावी आणि ॲडॅप्टर योग्य खोबणीत लावावा. इमारतीबाहेरून तांब्याची केबल नेल्यास विजेच्या कडकडाटात प्रवर्तित होणाऱ्या दाबाने खोबणी निकामी होण्याचा धोका असतो. कधीकधी ती पूर्ण बंद न पडता एखादी जोडीच बधिर होते आणि जोडणी १०० मेगॅबिटांवर चालू राहते. अशा ठिकाणी प्रकाशीय तंतूची केबल अधिक सुरक्षित ठरते.

नवीन जोडणी घेताच मान्य झालेला वेग, स्थानिक मापन व इंटरनेटवरील मापन हे तीन आकडे तारखेसह नोंदवून ठेवण्याची सवय उपयुक्त असते. पुढे वेग मंदावल्याचा संशय आल्यास तुलनेस आधार मिळतो, कोणता टप्पा बिघडला हे काही मिनिटांत ठरते आणि सेवादात्याकडे तक्रार करणे झाल्यास ती पुराव्यानिशी करता येते. खालच्या वेगावर उतरूनही चालू राहण्याचा गुण ईथरनेटने सोयीसाठी पत्करला आहे. त्या सोयीआड दडलेला दोष उघड करण्याचा मापनाखेरीज दुसरा खात्रीचा मार्ग नाही.